काढणीची सुट्टी

आमच्या उत्तर टोकाच्या थंड खोऱ्यात बटाट्याच्या काढणीला शाळा बंद होतात. माझी आई शाळेत होती तेव्हा व्हायच्या, मी सहावीपर्यंत गेले तेव्हा व्हायच्या, माझा मुलगा रेनो शिकला तेव्हाही झाल्या. सप्टेंबर अर्धा सरला की मास्तर फळा पुसून मोकळे होतात आणि पोरं शेतात येतात. थंडीनं जमीन आवळायच्या आत बटाटा वर काढायचा, मग परत वर्गात जायचं. ज्याला म्हणून शाळा म्हणतात ती काढणीला बंद असणार, हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. निदान माझी तशी समजूत होती.

माझी नात नोएमी दातांची डॉक्टर व्हायला निघाली होती. ते एकदम होता येत नाही. आधी केमिस्ट्री, मग तिच्याहून अवघड केमिस्ट्री, बायॉलॉजी, फिजिक्स, असे विषय चांगल्या मार्कांनी पार पाडावे लागतात, तेव्हा कुठे दातांचं कॉलेज तुमचा अर्ज हातात घेतं. मोठ्या युनिव्हर्सिटीत जाऊन हे केलं असतं तर घर सोडावं लागलं असतं, आणि मी तिला घर सोडू देणार नव्हते. म्हणून ती रोज गाडीनं तासभर दक्षिणेला, कम्युनिटी कॉलेजात जायची. तिथे वेल्डिंग शिकणारी पोरं, नर्सिंगवाल्या मुली, चाळिशी उलटलेले ट्रक ड्रायव्हर, आणि त्यांच्यात केमिस्ट्रीचं जाडं पुस्तक घेऊन बसलेली माझी नात.

चर्चच्या हॉलमध्ये आम्ही बायका बुधवारी पत्ते खेळतो. तिथे मी हे सगळं असं उलगडून सांगत नसे. मी सांगायची, "नोएमी दातांच्या कॉलेजात आहे."

"कुणाचे दात काढणार आहे ती?" फर्नांद म्हणायची. फर्नांद माझी लहानपणची मैत्रीण, आणि माझ्याइतकीच कडू जिभेची. "आपल्या वयाच्या बायकांच्या तोंडात एकही उरलेला नाही."

ते खरंच होतं. आमच्या वेळी बाप लग्नाआधी मुलीला शहरात नेऊन सगळे दात काढून आणायचा आणि नवी कवळी बसवून द्यायचा, म्हणजे पुढे नवऱ्याला दातदुखीचं झंझट नको. ज्याची ऐपत असेल तोच बाप हे करायचा, म्हणून ती कवळी मी मिरवली. नोएमी लहान असताना एकदा मी ती ग्लासात ठेवलेली तिनं बघितली आणि सगळं विचारून घेतलं. शेवटी, आमच्यात आजीला म्हणतात तशी हाक मारून म्हणाली, "मेमेर, ते दात चांगले होते का गं?" मी म्हटलं, "चांगलेच होते." ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत बसली. दातांचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते तेव्हा.

तिला मीच वाढवलं. तिची आई ती चौथीत असताना दक्षिणेला निघून गेली. त्या माझ्या सुनेला प्रत्येक गोष्टीत उलट बोलायची सवय होती आणि मला ऐकून घ्यायची नव्हती. लोक म्हणतात, मी घालवली. मी म्हणते, आमच्या दाराला कडी नव्हती.

तर त्या वर्षी काढणी तोंडावर आली आणि रेनोचे दोन गडी आयत्या वेळी नाही म्हणाले. जेवण झाल्यावर मी म्हटलं, "सोमवारपासून नोएमी यंत्रावर."

नोएमी भांडी विसळत होती. तिचा हात थांबला. "सोमवारपासून?"

"मग काय नाताळपासून?"

तिनं बापाकडे बघितलं. रेनोनं खिडकीबाहेर बघितलं. तो चांगला शेतकरी आहे, पण मी खोलीत असले की त्याला खिडकीबाहेर फार काम असतं.

"बरं," नोएमी म्हणाली.

बटाट्याचं यंत्र ट्रॅक्टरमागून चालतं. जमीन उकरतं, आणि बटाटे, दगड, ढेकळं, पाला असं सगळं एका पट्ट्यावर चढवतं. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना माणसं उभी असतात. बटाटा जाऊ द्यायचा, बाकीचं बाहेर फेकायचं. पहाटे हात गारठतात, दुपारी नाकातोंडात धूळ जाते, आणि यंत्र कुणासाठी थांबत नाही. नोएमी ते लहानपणापासून करत आलेली. मी दुपारी गाडीतून गरम जेवण घेऊन शेताच्या कडेला जायची, तेव्हा बाकीचे बांधावर पाय पसरून बसलेले असायचे आणि ही ट्रकात, मांडीवर पुस्तक घेऊन.

"पुस्तकाला माती लागेल," मी म्हटलं.

"लागू दे."

"सुट्टीतही वाचतेस. गुणाची आहेस."

ती हसली. मला ते हसू तेव्हा बरं वाटलं, हे आठवलं की आता कानशिलं तापतात.

एकदा तिनं तोंड उघडलं होतं, नाही असं नाही. "मेमेर, गुरुवारी दुपारी मी जरा जाऊन येऊ?"

"कुठे?"

"कॉलेजात. काम आहे."

"बंद कॉलेजात कसलं काम? गुरुवारी नदीकाठचं शेत आहे."

ती पुढे काही म्हणाली असती. पण मी तोवर रिकामे डबे उचलून गाडीकडे वळले होते.

काढणी चांगली झाली. वखार भरली. नंतरच्या बुधवारी आम्ही बायका पत्त्यांना जमलो आणि मी छान डाव लावून बसले होते, तेवढ्यात फर्नांद म्हणाली, "नोएमीनं केमिस्ट्री सोडली का गं?" तिचा नातू डेरेक त्याच कॉलेजात वेल्डिंग शिकतो. "डेरेक म्हणत होता, तीन आठवडे दिसली नाही. तिची गाडीच नसायची तिथे."

"सुट्टी होती ना."

"कुणाला?"

"कॉलेजला. काढणीची."

सगळ्या जणींनी पत्त्यांवरून वर बघितलं. मग फर्नांदनं पत्ते तोंडापुढे धरले आणि तिचे खांदे हलायला लागले. "ऑलिवीन, अगं कॉलेजला कुठे असते काढणीची सुट्टी? तिथल्या मास्तरांना बटाटा फक्त ताटातला माहीत. डेरेक तीन आठवडे रोज जात होता की. आम्ही गडी लावले."

टेबलाभोवतीच्या सगळ्या जणी हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. माझ्यावर त्या हॉलमध्ये कधी कुणी हसलेलं नव्हतं. हसवायचं काम माझं असायचं. मी पत्ते खाली ठेवले, कोट चढवला आणि घरी आले.

नोएमी स्वयंपाकघरात पुस्तकं पसरून बसली होती. मी कोट न काढताच विचारलं, "कॉलेज चालू होतं?"

तिला लगेच कळलं. "हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू सांगितलंस."

"तुला तोंड नाही?"

"आहे. पण उलट बोललेल्या माणसाचं या घरात काय होतं ते मी बघितलंय."

ती आईबद्दल बोलत होती. टेबलापाशी बसलेला रेनो उठून गोठ्याकडे गेला, गोठ्यात गाय नसताना.

"मग आता काय?" मी म्हटलं. "विषय गेला?"

"नाही. बाईंनी राहिलेली प्रॅक्टिकल भरून काढायची परवानगी दिलीय. शुक्रवारी दुपारी करते. मिटलंय ते. तू त्यात पडू नकोस, मेमेर."

"काय सांगितलंस त्यांना?"

"घरी अडचण होती म्हणून सांगितलं."

मला 'पडू नकोस' म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं. शिवाय मला वाटत होतं की चूक कॉलेजचीच आहे. सगळा तालुका बटाट्यावर जगतो आणि हे लोक वर्ग चालू ठेवतात म्हणजे काय? कुणीतरी मोठ्या माणसानं जाऊन नीट सांगायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर, आमच्या घरात काही अडचण असते असं त्या बाईला वाटावं, हेच मला खुपत होतं.

शुक्रवारी मी चर्चचा कोट घातला, कवळी घासून लावली, आणि रेनोला म्हटलं, गाडी काढ. बाईंसाठी बटाट्याचं एक पोतं घेतलं, उत्तम, एकसारखे, हातानं निवडलेले. रिकाम्या हातानं जायची आमच्यात पद्धत नाही. रेनो म्हणाला, मी उचलतो. मी म्हटलं, तू गाडीतच थांब. पोतं खांद्यावर टाकलं आणि दोन जिने चढून गेले.

केमिस्ट्रीची खोली म्हणजे लांबच लांब टेबलं आणि सगळीकडे नळ. दारात एक बाई उभी होती, माझ्या सुनेच्या वयाची. मला वाटलं होतं कुणी पिकल्या केसांची असेल. तिच्या कोटावर नाव होतं, व्हिटन. आमच्या घरची भाषा वेगळी, माझं इंग्रजी शाळेत छडीखाली शिकलेलं आणि शाळा सुटताच निम्मं विसरलेलं, तरी मी मान ताठ ठेवून म्हटलं, "मी नोएमी तेरियोची आजी."

बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "म्हणजे तिच्या आईच्या आई?"

"ती बाई नोएमी जन्मायच्या आधीच गेली. मी बापाची आई. मीच वाढवलं तिला."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग पोत्याकडे, मग परत माझ्याकडे. खोलीच्या टोकाला नोएमी एप्रन घालून, हातात काचेची नळी घेऊन उभी होती. तिचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा पांढरा पडला होता. तिनं नळी खाली ठेवली, पण जागची हलली नाही.

"मिसेस तेरियो," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मला नीट समजून घेऊ द्या. इथे तीन प्रॅक्टिकल बुडली की विषय गेला. सूट मिळते ती एकाच कारणासाठी, घरात कुणी मरणाच्या दारात असेल तर. काढणीसाठी दरवर्षी कुणी ना कुणी मागायला येतं, मी कुणालाच देत नाही. नोएमीला दिली. जिनं तिला वाढवलं ती आजी शेवटच्या घटका मोजतेय, असं तिनं मला सांगितलं होतं."

एवढं कळायला मला वेळ लागला. इंग्रजीमुळे नाही. ज्या पोरीला मी आंघोळी घातल्या तिनं मला मारून टाकलं होतं, आणि मी खांद्यावर पोतं घेऊन माझ्याच मरणाच्या दारात येऊन उभी राहिले होते.

आधी रागच आला. मग मागे उभ्या असलेल्या नोएमीकडे नजर गेली. तोंडातून 'बटाटा' हा एक शब्द गेला असता तर तिची केमिस्ट्री गेली असती, आणि नुसती केमिस्ट्री नव्हे. खोटं बोलून सूट घेतली असा शिक्का बसला की दातांच्या कॉलेजचं दार बंद, एवढं सहावी शिकलेल्या बाईलाही कळतं.

मी उभ्या जन्मात आजारपणाचं सोंग केलेलं नाही. रेनो झाला तेव्हा आठवडाभरात मी बटाटे वेचत होते. पण मी पोतं खाली ठेवलं, जवळच्या स्टुलावर बसले आणि म्हटलं, "ती मीच. आता बरी आहे. छातीचं दुखणं होतं." आणि छातीवर हात ठेवला. उजव्या बाजूला. मग आठवलं, आणि डावीकडे नेला.

बाईंनी कागदी पेल्यात पाणी आणून दिलं. मी दोन्ही हातांनी धरून प्याले, आजारी माणूस पितं तसं. टेबलांवरची पोरं बघत होती.

"नोएमीनं मला जे सांगितलं ते मी विसरणार नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला चमचा धरवत नव्हता, ती भरवायची. तुमचे केस धुवायची. आणि एका दुपारी तुम्ही तिचा हात धरून म्हणालात, पोरी, मी तुला जन्मभर सांगत आले, विचारलं कधी नाही. मला माफ कर. हे सांगताना ती रडली. मीही रडले." त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या. "असं म्हणाला होतात ना, मिसेस तेरियो?"

"हो," मी म्हटलं.

त्यानंतर त्या बाईनं माझा कोपर धरला. मी बर्फात चर्चच्या पायऱ्या कुणाचा हात न धरता उतरते, आणि त्या दिवशी तिनं मला दोन जिने पायरी पायरीनं उतरवलं. मला पाय ओढावे लागले. खाली दारापाशी डेरेक दोस्तांबरोबर उभा होता. त्यानं टोपी काढली आणि दार उघडून धरलं.

"आई, काय झालं?" रेनो गाडीतून उतरत म्हणाला.

"गाडी चालव."

नोएमी संध्याकाळी आली ती बटाट्याचं पोतं घेऊन. ते तिनं स्वयंपाकघरात जमिनीवर ठेवलं. "बाईंनी परत पाठवलंय. म्हणाल्या, आजारी माणसानं एवढं वजन घेऊन जिने चढू नयेत."

"म्हणजे तिला कळलं?"

"माहीत नाही. एवढंच म्हणाल्या. आणि म्हणाल्या, सोमवारी ये."

"तिच्याकडे पुरावा काही नाही. तू तोंड उघडायचं नाहीस. मी त्या स्टुलावर बसले ते तुझ्यासाठी. आता ते वाया घालवू नकोस."

तिनं पोत्याचं तोंड बांधलं. मग म्हणाली, "बरं."

मला वाटलं होतं की ती निदान 'चुकलं' म्हणेल. आणि तिला वाटत असावं की मी काहीतरी म्हणेन. बाईंच्या त्या वाक्यानंतर आम्ही दोघी एकमेकींच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होतो. तिनं ते शब्द मनातल्या मनात किती वेळा घोळवले असतील, कुठे घोळवले असतील? पट्ट्यावरून दगड फेकताना?

शनिवारी फर्नांद दारात आली. हातात पातेलं, त्यात कोंबडीचा रस्सा. डोळे लाल. "डेरेकनं सांगितलं," ती म्हणाली. "त्या बाईनं तुला धरून आणलं म्हणे. छातीचं आहे ना? आणि मी त्या बुधवारी हसले तुला." तिनं पातेलं चुलीवर ठेवलं, माझ्या खांद्यावर शाल घातली, मला खुर्चीत बसवलं. मी तिला काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सोमवारपर्यंत कॉलेजात पोचलं असतं. मी माझ्याच स्वयंपाकघरात शाल पांघरून बसले आणि मैत्रिणीनं मला रस्सा वाढला. तो चांगला झाला होता, आणि गिळवत नव्हता.

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी आजाऱ्यांची नावं वाचली. मी पहिल्या बाकावर बसते, नेहमीच. "ऑलिवीन तेरियो," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघून जरा थांबले, "जी दुखणं बाजूला सारून आज आपल्यात आली आहे." मागे बाकं कुरकुरली, लोक वाकून बघत होते. सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी प्रार्थना म्हटली. मी ओठ हलवले. शेजारी नोएमी होती. तिनं मान इतकी खाली घातली होती की मानेचं हाड वर आलं होतं.

परतीच्या वाटेवर वखारीपाशी वळण घेताना नोएमी म्हणाली, "उद्या मी बाईंना खरं सांगणार आहे."

"मी नको म्हटलंय."

"हो. ऐकलं मी."

"विषय जाईल."

"जाईल."

"त्या वर तक्रार करतील. मग दातांच्या कॉलेजला विसर."

"करतील तर करतील." तिचा आवाज बारीक झाला होता, पण थांबला नाही. "मेमेर, पुढे मी कुणाच्या तरी तोंडात सुई घालणार. ते माणूस मला विचारणार, दुखेल का? मला 'बरं' म्हणायची सवय लागलीय, बरं नसताना. आज चर्चमध्ये सगळे डोळे मिटून उभे होते, आणि मला वाटलं, हे मी केलंय."

रेनोनं गाडी बाजूला घेऊन थांबवली. मला वाटलं, आता हा खिडकीबाहेर बघणार. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, तिला जाऊ दे." आयुष्यात पहिल्यांदा. मग त्यालाच कसंतरी झालं असावं, त्यानं लगेच गाडी सुरू केली.

सोमवारी ती गेली. मी दिवसभर घरातली घासायची नसलेली भांडी घासली. दुपार कलल्यावर तव्यावर प्लोय घालत होते, म्हणजे कुट्टूच्या पिठाची धिरडी, एका अंगानंच भाजायची, तिला आवडते तशी. ती आली, दप्तर खुर्चीवर टाकलं आणि उभ्यानंच सांगितलं.

बाईंनी तिचं नाव वर्गातून काढलं होतं. तक्रार वर नेणार नव्हत्या, कारण ती आपणहून आली. पण दातांच्या कॉलेजला विज्ञानाच्या शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं, आणि केमिस्ट्री शिकवणाऱ्या तिथे त्या एकट्याच. म्हणाल्या, पुढच्या सप्टेंबरात याच खोलीत पहिल्यापासून बस, एकही दिवस न बुडवता, मग पत्राचं बघू. आत्ता विचारशील तर नाही.

"म्हणजे वर्ष गेलं," मी म्हटलं.

"वर्ष गेलं."

"आणि माझ्याबद्दल काय म्हणाली?"

नोएमीनं ताट काढून घेतलं. "म्हणाल्या, त्यांना पोतं बघितल्यावरच कळलं होतं. तरी तुझा हात धरला, कारण तू पडशील असं खरंच वाटत होतं, म्हणाल्या."

मी तवा खाली उतरवला. शब्द तयार होते. तिनंच करून ठेवले होते, नीट, क्रमानं. मला फक्त म्हणायचे होते. त्या परक्या बाईसमोर तर मी 'हो' म्हणून मोकळी झाले होते.

"नोएमी," मी म्हटलं. "मी तुला..."

पुढचं येईना. कवळी दातावर दात आपटल्यासारखी वाजली.

"राहू दे, मेमेर," ती म्हणाली. रागानं नाही. "तुला नाही जमायचं ते. मला माहीत होतं. म्हणून तर तुला मरायला टेकवावं लागलं."

मग ती ताट घेऊन बसली आणि खायला लागली. दमली होती. मी प्लोयांची चळत तिच्यापुढे ठेवली आणि पाठ करून उभी राहिले, कारण मला त्या पोरीला माझा चेहरा दाखवायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी फर्नांदचं पातेलं धुऊन तिच्याकडे घेऊन गेले. चालत गेले. तिनं दार उघडलं आणि घाईनं खुर्ची पुढे ओढली. मी बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. की मला काही झालेलं नाही. की सुट्टी नसताना मी पोरीला यंत्रावर उभं केलं, आणि मला नाही म्हणण्यापेक्षा मला मारणं तिला सोपं वाटलं. की ती दातांच्या कॉलेजात नाही, कधीच नव्हती. त्या कॉलेजनं दाराशी उभं करावं म्हणून जे विषय लागतात ते शिकत होती, आणि त्यातलाही एक गेला.

मला वाटलं, फर्नांद हसेल. हसली असती तर मी दोन शब्द सुनावले असते, आणि आम्ही दोघी परत होतो तिथे आलो असतो. ती हसली नाही. तिनं पातेलं घेतलं, आतून बघितलं, झाकण लावलं.

"तुझ्या नावानं चर्चमध्ये मेणबत्ती लावलीय मी," ती म्हणाली. "मोठी, आठवडाभर चालते ती. आता काय करू? जाऊन विझवू?"

मी तिनं पुढे ओढलेल्या खुर्चीत बसले.

"राहू दे," मी म्हटलं.